२०२४ ची माझी वीस पॉप-डान्स गाणी: पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

वर्ष संपलं की मी आवडत्या वीस गाण्यांची यादी करते आणि ओळखीच्यांना पाठवते. यादी वाचायला दोन मिनिटं लागतात, पण तिच्यावरचे प्रश्न वर्षभर येत राहतात. २०२४ च्या यादीवर जितके आले तितके आधी कधीच आले नव्हते, आणि त्यातले निम्मे तेच ते होते. म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. सोपे प्रश्न आधी, भांडणाचे नंतर.

१. आधी यादी तर सांग. कोणती वीस गाणी?

क्रमांक फक्त पहिल्या तिघांना आहेत. पहिलं चॅपल रोनचं 'गुड लक, बेब!', दुसरं चार्ली एक्ससीएक्स आणि लॉर्डचं 'गर्ल, सो कन्फ्यूझिंग' (दोघींनी मिळून गायलेलं, एकटीचं का नाही ते प्रश्न ७ मध्ये) आणि तिसरं सब्रिना कारपेंटरचं 'एस्प्रेसो'.

उरलेली सतरा एकाच पंगतीत बसली आहेत. पॉपकडे झुकणारी: अरियाना ग्रांडेचं 'वी कान्ट बी फ्रेंड्स', दुआ लिपाचं 'ट्रेनिंग सीझन', बिली आयलिशचं 'बर्ड्स ऑफ अ फेदर', बियॉन्सेचं 'टेक्सस होल्ड एम', टिनाशेचं 'नॅस्टी', ॲडिसन रेचं 'डाएट पेप्सी', लेडी गागाचं 'डिझीज', कायली मिनोगचं 'लाइट्स कॅमेरा ॲक्शन', आर्टेमसचं 'आय लाइक द वे यू किस मी', मॅग्डलेना बेचं 'इमेज', रोझे आणि ब्रुनो मार्सचं 'एपीटी', संजू राठोडचं 'गुलाबी साडी'. डान्सकडे झुकणारी: चार्ली आणि बिलीचं 'गेस', जेमी एक्सएक्स आणि हनी डिजॉनचं 'बॅडी ऑन द फ्लोअर', जस्टिस आणि टेम इम्पालाचं 'नेव्हरेंडर', डिस्क्लोजरचं 'शीज गॉन, डान्स ऑन', चेस अँड स्टेटस आणि स्टॉर्मझीचं 'बॅकबोन'.

२. पॉप आणि डान्स वेगळं कसं ओळखायचं? मला दोन्ही सारखंच वाटतं.

पॉप गाण्यात आवाज पुढे असतो आणि बाकी सगळं त्याच्या दिमतीला. कडवं, मुखडा, कडवं, मुखडा, तीन मिनिटांत काम तमाम. डान्स गाण्यात ठेका आधी येतो. चार मात्रांपैकी प्रत्येक मात्रेवर ड्रमचा धप्प असा ठोका पडतो, त्यावर एकेक थर चढत जातो, मग बेस, म्हणजे खालचा जाड सूर, अचानक काढून घेतात आणि थोडा वेळ ताटकळत ठेवून परत सोडतात. त्याला ड्रॉप म्हणतात. तबल्यावर समेवर आल्यावर मान जशी आपोआप डुलते, तसाच काहीसा हा आनंद आहे. गायिका असली तर उत्तम, नसली तरी गाण्याचं काही अडत नाही.

ही सीमारेषा धूसर आहे हे ग्रॅमी या अमेरिकेतल्या संगीत पुरस्कारवाल्यांनाही मान्य करावं लागलं. डान्स गाण्यासाठी त्यांचा पुरस्कार १९९८ पासून आहे. पण पॉप गायिका आणि क्लबमधले निर्माते एकाच रांगेत उभे राहायला लागल्यावर २०२४ पासून पॉप-डान्ससाठी वेगळा पुरस्कार सुरू झाला. तो पहिल्यांदा मिळाला कायली मिनोगच्या 'पदम पदम'ला. पुढच्या वर्षी, म्हणजे फेब्रुवारी २०२५ मध्ये, पॉप-डान्सचा पुरस्कार चार्लीच्या 'व्हॉन डच'ला आणि डान्स-इलेक्ट्रॉनिकचा 'नेव्हरेंडर'ला गेला. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली तर माझ्या वरच्या परिच्छेदाची गरजच उरणार नाही.

३. गाणं 'या वर्षाचं' आहे हे कशावरून ठरवतेस?

ते पहिल्यांदा अधिकृतपणे ऐकायला मिळालं त्या तारखेवरून. १० जुलै २०१५ पासून जगभर नवीन संगीत शुक्रवारी यायला लागलं, त्यामुळे हिशेब सोपा झाला. तरी नियम मोडणारे असतातच. 'टेक्सस होल्ड एम' आलं ते रविवारी, ११ फेब्रुवारीला, सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलचा अंतिम सामना चालू असताना. 'एस्प्रेसो' ११ एप्रिलला आलं, म्हणजे गुरुवारी. आपल्याला वाराशी काय करायचंय म्हणा, वर्ष बरोबर असलं की झालं.

खरी पंचाईत होते ती गाणं एका वर्षी येतं आणि गाजतं दुसऱ्याच वर्षी तेव्हा. त्यासाठी प्रश्न ५ पाहा.

४. पण वर्षातलं एक नंबरचं गाणं तर ठरलेलंच असतं ना? मग तुझी यादी कशाला?

हा प्रश्न मला फार आवडतो, कारण २०२४ मध्ये त्याचं उत्तर चार ठिकाणी चार वेगवेगळं होतं.

स्पॉटिफाय या गाणी ऐकायच्या ॲपवर जगात सर्वाधिक ऐकलं गेलं 'एस्प्रेसो'. जगभरच्या रेकॉर्ड कंपन्यांच्या आयएफपीआय या संघटनेनं विक्री आणि स्ट्रीमिंग मिळून वर्षातलं सर्वांत मोठं सिंगल (सुटं गाणं) ठरवलं बेन्सन बूनचं 'ब्यूटिफुल थिंग्ज'. अमेरिकेतल्या बिलबोर्ड मासिकाच्या हॉट १०० या गाण्यांच्या वार्षिक यादीत पहिलं आलं टेडी स्विम्सचं 'लूज कंट्रोल'. ब्रिटनच्या अधिकृत चार्टवर वर्षातलं सर्वांत मोठं गाणं होतं नोआ कहानचं 'स्टिक सीझन'.

आता तारखा पाहा. 'लूज कंट्रोल' आलं जून २०२३ मध्ये आणि 'स्टिक सीझन' जुलै २०२२ मध्ये. म्हणजे दोन मोठ्या देशांतलं '२०२४ चं' पहिलं गाणं २०२४ चं नव्हतंच. यात कोणाची चूक नाही. वर्षभरात काय वाजलं हे चार्ट मोजतो, आणि हळूहळू पसरणारं गाणं त्यात पुढेच राहणार, कारण बावन्न आठवडे मध्यम वाजणारं गाणं दहा आठवडे तुफान वाजणाऱ्याला गाठतं. शिवाय बिलबोर्डचं वर्ष आपल्या कॅलेंडरप्रमाणे चालत नाही, ते आदल्या शरद ऋतूतच सुरू होतं.

मी मोजत नाही. त्या वर्षी नवीन काय आलं आणि त्यातलं माझ्याजवळ काय उरलं, एवढंच लिहून ठेवते.

५. 'पिंक पोनी क्लब' आणि 'हॉट टू गो' का नाहीत? २०२४ मध्ये दुसरं काही वाजतच नव्हतं!

वाजत होती हे खरं. पण 'हॉट टू गो' ऑगस्ट २०२३ चं आणि 'पिंक पोनी क्लब' तर एप्रिल २०२० चं. बिचारं किती वर्षं वाट पाहत होतं बघा: ब्रिटनच्या चार्टवर ते पहिल्या क्रमांकावर पोचलं मार्च २०२५ मध्ये. अशी गाणी घेत गेले तर यादीला वर्ष लावण्यात काही अर्थच उरत नाही. त्या न्यायानं सोफी एलिस-बेक्स्टरचं २००१ चं 'मर्डर ऑन द डान्सफ्लोअर'ही घ्यावं लागेल, कारण एका चित्रपटामुळे ते जानेवारी २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा दुसऱ्या क्रमांकावर गेलं होतं.

एक सवलत मात्र आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आलेलं गाणं दोन्हींपैकी कोणत्याही एका वर्षात धरता येतं, पण एकदाच. हा नियम मी द वीकेंडच्या 'ब्लाइंडिंग लाइट्स'मुळे केला. ते आलं २९ नोव्हेंबर २०१९ ला आणि बिलबोर्डच्या २०२० च्या वार्षिक यादीत पहिलं आलं. डिसेंबरच्या गडबडीत मी ते दोनदासुद्धा ऐकलं नव्हतं. 'दुआ लिपाचं हुडिनी कुठंय?' असं विचारणाऱ्यांसाठी: ते ९ नोव्हेंबर २०२३ चं, मागच्या यादीत घेऊन झालं, आता पुन्हा नाही.

६. 'गुड लक, बेब!' पहिलं कसं? ते नाचायचं गाणं तरी आहे का?

सगळ्यात जास्त वाद यावरच झाला, म्हणून जरा सविस्तर.

५ एप्रिल २०२४ ला हे गाणं सुटं आलं, कोणत्याही अल्बममध्ये नव्हतं. चॅपल रोनचा पहिला अल्बम आदल्या सप्टेंबरमध्ये येऊन गेला होता आणि ती हळूहळू कानावर पडायला लागली होती. निर्माता तोच, डॅन निग्रो. सुरुवात ऐंशीच्या दशकातल्या सिंथेसायझरसारखी, गुळगुळीत. पहिल्या कडव्यात ती जवळजवळ बोलतेच. मग मुखड्यात आवाज एकदम वर, पातळ आणि उंच, आणि तिथून ती खाली यायलाच तयार नाही. तो मुखडा मी आजवर एकदाही धड गाऊ शकलेले नाही. तरी प्रत्येक वेळी गाते.

विषय असा की एका स्त्रीचं गाणारीवर प्रेम आहे, पण ते कबूल न करता ती पुरुषांमागे जाते आहे. ही म्हणते, जा बाई, जमतंय का बघ. शीर्षकातल्या शुभेच्छेत जो उपरोध आहे तो आपल्या 'घे, कर मग!' सारखा आहे. राग आहे, कीव आहे, आणि मागे ठेका मात्र अखंड चालू. रडायला थांबायची सोय नाही.

आणि मग शेवट. गाणं संपता संपता संथ होत जातं, सूर खाली घसरतो, टेपरेकॉर्डरमधले सेल संपत आल्यावर कॅसेट जशी ओढत वाजायची अगदी तसं. नाचणारा माणूस त्या क्षणी काय करेल? मी स्वतः पाहिलंय: एका लग्नानंतरच्या पार्टीत सगळे हळू होत गेले, हात हवेतच राहिले, आणि मग हशा पिकला. नाचणाऱ्या शरीराला थांबायला लावून गाण्याचा अर्थ कळवणारं दुसरं गाणं मला त्या वर्षी भेटलं नाही. म्हणून पहिलं.

नाचायचं आहे का? आहे. वेग मध्यम आहे इतकंच. वेगाबद्दल प्रश्न ९.

७. रीमिक्स वेगळं गाणं धरतेस का? 'गर्ल, सो कन्फ्यूझिंग' तर आधीच आलं होतं.

चार्लीचा 'ब्रॅट' अल्बम ७ जून २०२४ ला आला आणि मूळ गाणं त्यात होतं. एका समवयस्क गायिकेबद्दल मनात असलेली असूया, आपुलकी, संशय, सगळं त्यात होतं. ती कोण यावर तर्क चालू असतानाच, दोन आठवड्यांनी, २१ जूनला रीमिक्स आलं आणि त्यात स्वतः लॉर्ड हजर! तिनं तिची बाजू मांडली: ती टाळत होती ते चार्लीला नव्हे, तिचं स्वतःशीच जमत नव्हतं. मूळ गाणं हे एकतर्फी पत्र होतं. रीमिक्समध्ये त्याला उत्तर आलं. आता मूळ ऐकताना मला ते अर्धवट वाटतं.

म्हणून माझा नियम असा की रीमिक्सनं गाण्याचा अर्थ बदलला तर ते नवं गाणं, फक्त ठेका बदलला तर नाही. 'गेस'ही याच कसोटीवर आत आलं. जूनमध्ये ते अल्बमच्या वाढीव आवृत्तीत शेपटासारखं जोडलेलं होतं. १ ऑगस्टला बिली आयलिश त्यात आली आणि ते दोघींमधलं खट्याळ संभाषण झालं. ब्रिटनमध्ये ते पहिल्या क्रमांकावरही गेलं. ऑक्टोबरमध्ये चार्लीनं अख्ख्या अल्बमचीच रीमिक्स आवृत्ती काढली. त्यातलं आणखीही काही घेता आलं असतं, पण प्रश्न १२ मधला नियम आडवा आला.

८. वेग वाढवलेली किंवा कमी केलेली आवृत्ती चालेल का?

नाही. ऐकायला मजा येते, पण बटण दाबून केलेला बदल म्हणजे रीमिक्स नव्हे.

९. गाण्याचा वेग कसा मोजायचा? आणि वेगवान गाणं म्हणजेच डान्स गाणं का?

घड्याळ घ्या, पंधरा सेकंद पायानं ठेका धरा, जितके ठोके पडतील त्याला चारनं गुणा. झाला तुमचा बीपीएम, म्हणजे मिनिटाला ठोके. 'एस्प्रेसो'त पंधरा सेकंदांत साधारण सव्वीस पडतात, म्हणजे १०४ च्या आसपास. चालता चालता ऐकायला नेमका वेग. हाउस हा क्लबमधला नाचाच्या संगीताचा प्रकार साधारण १२० ते १३० मध्ये चालतो, ड्रम अँड बेस हा दुसरा प्रकार १७० च्या पुढे.

पण आकड्यावर जाऊ नका. 'बॅकबोन' ड्रम अँड बेस आहे, कागदावर भयानक वेगवान. प्रत्यक्षात शरीर प्रत्येक ठोका पकडत नाही, एकाआड एक पकडतं. वर ड्रम धावत असतात आणि आपण खाली आरामात, निम्म्या वेगानं डोलत असतो. उलट 'एपीटी' १५० च्या जवळपास जातं आणि तिथे पूर्ण वेगानंच उड्या माराव्या लागतात, कारण त्यातल्या घोषणा प्रत्येक ठोक्यावर आपटतात. मोजणीत फारसा फरक नसलेली दोन गाणी शरीराला किती वेगळी वाटतात ते यावरून कळेल. कोणतीही नवीन प्लेलिस्ट लावताना मी वेग पाहतेच, पण गाणं निवडताना त्याचा उपयोग शून्य.

१०. 'एपीटी' ही नक्कल नाही का? चाल ओळखीची वाटते.

वाटणारच. त्यातल्या घोषणाबाज मुखड्यामागे टोनी बेसिलचं 'मिकी' आहे, जे डिसेंबर १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. गंमत म्हणजे 'मिकी'सुद्धा मूळचं नव्हे. रेसी नावाच्या ब्रिटिश गटानं तेच गाणं १९७९ मध्ये 'किटी' म्हणून गायलं होतं, मुलीला उद्देशून. निकी चिन आणि माइक चॅपमन हे त्याचे जनक, आणि 'एपीटी'च्या गीतकारांत त्यांची नावं रीतसर आहेत. परवानगीनं घेतलेली जुनी चाल नव्यानं वाजवून घेणं याला नक्कल म्हणत नाहीत. जुन्या ध्वनिमुद्रणाचा तुकडाच कापून लावला तर तो सॅम्पल.

शीर्षकाचा उच्चार कोरियन पद्धतीनं 'आपातु', म्हणजे अपार्टमेंट. मंडळी जमून पेय घेताना खेळायचा हा कोरियातला एक खेळ आहे. रोझेनं तो स्टुडिओत सगळ्यांना शिकवला आणि गाणं निघालं. किटी, मिकी, आपातु: पंचेचाळीस वर्षांत एका गाण्यानं तीन नावं बदलली.

११. 'टेक्सस होल्ड एम' कंट्री आहे ना? डान्सच्या यादीत काय करतंय?

कंट्री, म्हणजे अमेरिकेतल्या गावाकडच्या लोकसंगीताच्या वळणाचं, आहेच. बिलबोर्डच्या कंट्री गाण्यांच्या चार्टवर पहिल्या क्रमांकावर जाणारी बियॉन्से ही पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली ती याच गाण्यामुळे. सुरुवातीचा बँजो रायनन गिडन्सनं वाजवला आहे आणि बँजोची मुळं आफ्रिकन आहेत, हे तिच्याइतकं हिरिरीनं मांडणारे वादक थोडे. पण गाणं नाचाच्या फरशीबद्दलच आहे आणि पायानं ठेका धरायला लावतं. तेवढं मला पुरतं.

१२. एकाच कलाकाराची किती गाणी घेतेस?

मुख्य कलाकार म्हणून जास्तीत जास्त दोन. पाहुणे मोजत नाही, म्हणून बिली आयलिश स्वतःच्या गाण्यात आणि चार्लीच्या 'गेस'मध्येही दिसते. हा नियम नसता तर २०२४ मध्ये 'ब्रॅट'ची किमान सहा गाणी आली असती. कॉलिन्स शब्दकोशानं तर 'ब्रॅट' हा वर्षाचा शब्दच जाहीर केला होता, त्यामुळे दोनवर थांबल्याबद्दल माझं कौतुक करायला हरकत नाही.

१३. 'एस्प्रेसो' तिसरं? जगात पहिलं आणि तुझ्याकडे तिसरं?

जगात कुठे पहिलं आणि कुठे नाही ते प्रश्न ४ मध्ये आहे. तिसरं का, तर एकच कारण: मला त्याचा कंटाळा आला आणि मग परत आवडलं. मे महिन्यात मी ते दिवसातून सहा वेळा ऐकत होते. ऑगस्टमध्ये ते जिथे तिथे लागायला लागलं आणि मी खोली सोडून जाऊ लागले. डिसेंबरमध्ये यादीसाठी पुन्हा लावलं तर बेसची ती उडती लय, तो निर्लज्ज विनोद, सगळं पुन्हा ताजं. अजीर्ण होऊनही टिकणं सोपं नसतं. पण 'गुड लक'चा कंटाळाच आला नाही.

१४. रडकी गाणी डान्सच्या यादीत कशी?

रडायचं आणि नाचायचं एकाच वेळी, ही पॉपमधली जुनी परंपरा आहे. रॉबिनचं २०१० चं 'डान्सिंग ऑन माय ओन' ऐकलं असेल तर सांगायला नको. 'वी कान्ट बी फ्रेंड्स' त्याच घराण्यातलं. सिंथेसायझरची धडधड एका लयीत चालू राहते आणि वर अरियाना अगदी शांतपणे सगळं सोडून देत असते. 'बर्ड्स ऑफ अ फेदर' तर फसवंच आहे: चाल उन्हात वाळत घातलेल्या चादरीसारखी हलकी, आणि शब्दांत मरेपर्यंत, मातीत जाईपर्यंत साथ देण्याच्या गोष्टी. शब्दांकडे लक्ष न देता लोक लग्नात वाजवतात. वाजवू देत.

१५. 'नॉट लाइक अस' का नाही? 'डाय विथ अ स्माइल' का नाही? टेलर स्विफ्ट का नाही?

केंड्रिक लामारचं 'नॉट लाइक अस' रॅप आहे म्हणून बाहेर ठेवलं. खरं सांगायचं तर त्या वर्षी मी सर्वाधिक नाचले ते त्यावरच, त्यामुळे हा नियम मला स्वतःलाच बोचतो. 'डाय विथ अ स्माइल' हे हात धरून हळूहळू डुलायचं गाणं. टेलर स्विफ्टचा त्या वर्षीचा अल्बम मी घरी बसून, शब्द वाचत ऐकला. एकदाही उठून उभी राहिले नाही.

१६. मराठी-हिंदी गाणी एवढी कमी का?

चित्रपटातली गाणी मी या यादीत घेत नाही. प्रसंग, नट, पडद्यावरचा नाच हे सगळं गाण्याला चिकटून येतं आणि गाणं सुटं जोखता येत नाही. त्यांची यादी वेगळी करते. 'गुलाबी साडी' फेब्रुवारी २०२४ मध्ये स्वतंत्र गाणं म्हणून आलं, कुठल्याही चित्रपटाच्या कुबडीशिवाय, म्हणून ते हक्कानं आत. एकच ओळ दोनदा ऐकली की तिसऱ्यांदा तुम्ही म्हणताच. हे जमवायला जगभरचे पॉप निर्माते जंग जंग पछाडतात.

१७. ऐकतेस कशावर? मला यातली अर्धी गाणी फोनवर सपक वाटली.

फोनवर ऐकली म्हणूनच. फोनच्या इवल्याशा स्पीकरमधून खालचा बेस जवळजवळ येतच नाही, आणि 'नेव्हरेंडर' किंवा 'बॅडी ऑन द फ्लोअर'मधून बेस काढला की उरतं काय? मी पहिल्यांदा हेडफोनवर ऐकते, मग मोठ्या स्पीकरवर, मग मुद्दाम फोनवर. पॉप गाणं तिन्हीकडे उभं राहायला हवं. डान्स गाण्याला फोनवर नापास व्हायची मुभा आहे.

१८. स्पॉटिफाय रॅप्ड सगळं सांगतं, मग हाताने यादी कशाला?

रॅप्ड म्हणजे तुम्ही वर्षभर काय ऐकलं त्याचा ॲपनं दिलेला गोषवारा. २०२४ चं रॅप्ड ४ डिसेंबरलाच आलं, म्हणजे डिसेंबर त्यात जवळजवळ नाहीच. शिवाय गाणं तीस सेकंद वाजलं की ते ऐकलं असं धरलं जातं, मग तुम्ही शेजारच्या खोलीत का असेना. माझ्या रॅप्डमध्ये पहिल्या क्रमांकावर पावसाच्या आवाजाचा एक ट्रॅक होता. झोपताना लावते.

१९. मलाही यादी करायची आहे. सुरुवात कुठून करू?

आवडलेलं गाणं त्याच दिवशी, महिन्यासह, एका जागी टिपून ठेवा, एवढंच. डिसेंबरमध्ये आठवायला बसलात तर फक्त शेवटच्या तीन महिन्यांची गाणी आठवतात. माझ्या टिपणांत २०२४ ची एकशे चाळीसच्या आसपास गाणी होती. शेवटच्या आठवड्यात ती उलट क्रमानं, डिसेंबरकडून जानेवारीकडे ऐकते, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या गाण्यांवर अन्याय होत नाही. वीसच का? पंचवीस केली की शेवटची पाच मनापासून नसतात, दहा केली की शेजाऱ्याचीही तीच निघतात.

२०. यादी पाठवल्यावर मत बदललं तर?

यादी बदलत नाही. चूक दिसली तरी ती त्या डिसेंबरची चूक म्हणून राहू देते. राहून गेलेल्यांसाठी वहीच्या मागच्या पानावर जागा आहे. २०२४ च्या खात्यात तिथे सध्या दोन नोंदी आहेत: जेमी एक्सएक्सचं रॉबिनसोबतचं 'लाइफ', जे मला मार्चमध्ये बसमध्ये अचानक कळलं, आणि चार्लीचं '३६०', ज्याच्यासाठी मला माझा दोनचा नियम अजून मोडावासा वाटतो.

२१. 'डिझीज' खरंच आवडलं, की गागा आहे म्हणून घेतलंस?

गागा आहे म्हणून. पुढचा प्रश्न.

२२. २०२५ ची यादी कधी?

टिपणं चालू आहेत. गाणी सुचवणार असाल तर सोबत महिनाही लिहा.